अंगावर

माझ्या पणजोबांच्या अंगावर
पस्तीस रुपये होते.
सोलापुरात अजून असंच विचारतात,
अंगावर किती?
उचल म्हणजे जणू सदरा.

तसा सदरा नव्हताच त्यांना.
करीमनगरकडून चालत आले तेव्हा
एक पंचा, एक धोटा,
आणि पणजीच्या ओच्यात चिंचेचा गोळा.
पस्तीसातले वीस गावच्या दोराला दिले,
त्याच्या वेठीतून सुटायला.
बाकीचे वाटेत संपले.
नळदुर्गाच्या अलीकडे धाकटीला पुरलं.
कुठे, ते घरात कुणी विचारलं नाही.

मालक परका नव्हता.
इरय्या कारखानदार, आमच्यातलाच.
नारळी पौर्णिमेला
मार्कंडेयाच्या रथाला त्याचाही हात लागे.
आणि रात्री कारखान्याला
बाहेरून कडी.

कमरेपर्यंत खड्ड्यात माणूस,
वर माग.
दर शनिवारी मजुरीतले चार आणे कापायचे
आणि चोपडीत लिहायचे, असं ठरलं होतं.
पणजोबांना अक्षर येत नव्हतं.
पण ताण्यातला तुटका धागा
अंधारात बोटांनी हुडकणारा माणूस तो.
त्यांनी करगोट्याला गाठ मारली.
दर शनिवारी एक.
करगोटा लांबत गेला,
कमरेला दोन वेढे, मग तीन.

एकशे चाळीस झाल्या तेव्हा
सोडून ठेवला चोपडीवर.
लेक्क चूडु, म्हणाले. हिशेब बघ.
इरय्यानं गाठी मोजल्या नाहीत.
चोपडी उलटली:
ताप आला ते सहा दिवस,
मोडलेली फणी,
कंदिलाचं रॉकेल.
अजून एकोणीस रुपये.

आजोबा ही गोष्ट सांगताना
इथं थांबायचे, पाणी प्यायचे.
आम्हाला वाटायचं,
आता पणजोबा धोटा फेकून मारणार.
नाही मारला.
करगोटा परत बांधला
आणि खड्ड्यात उतरले.
आणखी शहात्तर शनिवार.
त्या दिवसांतलं आजोबांना
एवढंच माहीत होतं, की फणीला
ते झोपताना उशाशी घेत.

शेवटच्या शनिवारी इरय्यानं
नावावर आडवी रेघ ओढली.
जा म्हणाला.
पणजोबा हलेनात.
घेताना अंगठा लागला होता,
सुटताना पण लागू दे.
कशाला रे, रेघ मारली ना?
लागू दे.

शाई लावून टेकवला.
काळा गोल उमटला नुसता.
सुतानं रेषा केव्हाच नेल्या होत्या.
इरय्या बराच वेळ बघत राहिला म्हणतात.
म्हणणारे आमचेच,
त्यामुळे खात्री नाही.

मग जुन्या मिलचा भोंगा.
पहाटेचा, सगळ्यांसाठी एकच,
आणि सुटायचाही वाजतो
याचं त्यांना नवल वाटायचं.
पहिल्या पगारात त्यांनी सदरा शिवला.
माप घेताना शिंपी अडखळला:
कमरेला काय बांधलंय एवढं?
काही नाही, म्हणाले.
सैलच ठेव.

तो करगोटा आमच्याकडे नाही.
त्यांनी काढला नाही,
दुसऱ्या कुणाला काढायला सुचलं नाही.
अंगावरच गेला.

काल रेशनच्या दुकानात
आई मशीनपुढं उभी होती.
चाळीस वर्षं विड्या वळलेला अंगठा.
मशीन म्हणालं, जुळत नाही.
पदराला पुसून परत लावा.
जुळत नाही.
दुसरं बोट बघा मावशी, पोरगा म्हणाला,
आवाजात राग नव्हता त्याच्या, घाई होती.
मागं रांग.
आई एकेक बोट लावत गेली
आणि मी पिशवी धरून
मोजत राहिलो.